दोन डोळ्यांचा मोर

खिडकीशी जायचं, पुठ्ठ्याचा पत्ता उजेडावर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि भोकांतून भवानी पेठ बघायची. मग म्हणायचं, "थांबा की वो. माग कुटं पळून चाललाय?" आमचे अण्णा असे होते. तुमच्याही कामावर असा एखादा थांबवणारा असणारच.

चादरीवर नक्षी उठते ती मागावर बसवलेल्या जकार्ड मशीनमुळं. पत्त्याला भोक असेल तिथं सुई धागा उचलते. भोकं पाडायची अण्णांनी, माग चालवायचा मी. घरात ते तेलुगू बोलायचे, माझ्यावर मराठीत ओरडायचे. त्यांचा मोर लई खपायचा.

सन पंचाहत्तरच्या आसपास मालकांनी नवं जकार्ड आणलं. म्हणाले, "उद्यापासून ह्याच्यावर."

"गड्डा होऊ द्या, मालक." गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, ती अजून लांब होती. "तवर मोराचे पत्ते नव्यानं पाडतो."

"जुने बसतात की! भोकं तीच, पत्ते तेच."

"भोकं तीच. पन जुन्या मशीनच्या खोड्या त्यात भरल्यात. त्या आधी काढाय पायजेत. नव्याला मी न्हाय म्हनत न्हाय."

"अण्णा, तुमचं ऐकत बसलो असतो तर आमी अजून झाडाची साल नेसून फिरलो असतो."

सगळे हसले. अण्णाही हसले.

जुन्याच पत्त्यांवर नव्याची पहिली चादर निघाली. मोराला एकाच बाजूला दोन डोळे! जुन्या मशीनची एक सुई धागा उचलायचीच नाही, म्हणून अण्णांनी डोळ्याच्या भोकाशेजारी जादा भोक पाडलेलं. नव्याच्या दोन्ही सुयांनी इमानानं उचललं.

मालकांनी मोरच बंद केला. गुलाबाचे तयार पत्ते मागवले.

ती वाया गेलेली चादर मी घरी आणली. आमची ही म्हणाली, "बरं झालं की. एक डोळा मिटून झोपंल, दुसऱ्यानं राखन करंल."

गड्डा उठला आणि अण्णा आले. खांद्यावर नव्या मोराच्या पत्त्यांची माळ. मला म्हणाले, "एकच चादर काढ की. बघतो आन् जातो."

माग गुलाबावर लागलेला. मालक म्हणाले, "ठेवा तिकडं. सवडीनं बघू."

माळ कोपऱ्यात पडली. अण्णा दुधनीला लेकीकडं गेले आणि तिकडंच वारले. सवड काही झाली नाही. थांबा म्हणणाऱ्यालाच आम्ही थांबवून ठेवलं.

आता आमची ही पण गेली. चादर विरली, रंग उडाला. तीच पांघरून पडतो. मोर मात्र झोपत नाही. दोन्ही डोळे उघडेच.