थोरलीने दंड दिला नाही

धाकटी जाऊ आरोग्यसेविका झाली, तेव्हा थोरलीनेच तिच्या कोटाच्या बाह्या आखूड करून दिल्या. थोरली घरी पडदे शिवायची, हात सराईत होता, आणि तेव्हा तिच्या पोटात काही दुखत नव्हतं.

दुखायला लागलं ते पुढे. धाकटी दारोदार जाऊन लोकांच्या दंडाला पट्टा बांधायची, रक्तदाब मोजायची, जिना चढताना छातीत भरून येतं का विचारायची. सगळी गल्ली तिला ताई म्हणू लागली. थोरली मात्र पडदेवालीच राहिली.

कडेलोट झाला जेवणाच्या टेबलावर. नवऱ्याने वरून मीठ घेऊ नये म्हणून थोरलीने जन्मभर घसा कोरडा केला होता. धाकटी एकदाच म्हणाली, "दादा, हृदयावर ताण येतो त्याने." त्याने निमूटपणे मीठदाणी उचलून फळीवर ठेवली.

"मी काय वेगळं सांगत होते?"

"तू रागावून सांगायचीस," नवरा म्हणाला.

थोरली ताट उचलून मोरीकडे गेली. नंतर घरात सगळ्यांचा दाब मोजून झाला, सासऱ्यांचासुद्धा. हिने दंड दिला नाही. "मला काय धाड भरलीय?"

खरं तर सकाळी तिचं डोकं जड असायचं, मशीन चालवताना धाप लागायची. शेवटी पडद्यांची मापं घ्यायचं निमित्त करून ती पलीकडच्या वस्तीत गेली आणि तिथल्या सेविकेपुढे बाही सरकवली. दाब बराच वर निघाला. सेविकेने पुन्हा मोजला, तिला दवाखान्यात पाठवलं आणि विचारलं, "तुमच्या घरातच ताई आहेत ना? मग इकडे कशा?"

थोरली बाही खाली ओढून उठली. दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या.

अशी गोष्ट लपते थोडीच? दोघी सेविका बैठकीत भेटल्या, आणि संध्याकाळी धाकटी खांद्यावरची पिशवी न उतरवताच मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"तिच्याकडे गेलात, वहिनी?"

"जवळ पडलं."

"जवळ?" धाकटीचा आवाज चिरकला. "माझ्या हाताला काय काटे आहेत? सगळी गल्ली मला दंड देते आणि माझ्या घरचं माणूस तिच्याकडे जातं. काय आहे हो तिच्यात एवढं?"

थोरलीने मशीन थांबवलं. हा सूर तिच्या चांगल्या ओळखीचा होता. धाकटीचाही जळफळाट होऊ शकतो, आणि तोही आपल्यापायी, हे तिच्या गावीही नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. वाटल्या त्या गुदगुल्याच.

"तिचा हात हलका आहे," ती मुद्दाम म्हणाली.

धाकटीने पिशवीतून पट्टा काढला आणि तिच्या दंडाला गुंडाळला. दाब उतरला होता, पण पुरेसा नाही.

"गोळी रोज घेता?"

"बरं वाटलं की सोडते."

"बरं वाटतं ते गोळीमुळेच. उद्यापासून माझ्यासमोर घ्यायची."

आता रोज सकाळी धाकटी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. दाब आवाक्यात आला आहे. थोरली एकही गोळी चुकवत नाही. फक्त धाकटीचं कौतुक फार झालं, की ती पलीकडच्या वस्तीत एक चक्कर मारून येते आणि आल्यावर तसं सांगतेही.