भुजलीवरचा दिवा

माझ्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा एक स्वभाव बनतो. जगातलं कुठलंही दुखणं त्याला शेवटी तारेचं किंवा करंटचं वाटायला लागतं. घरात कुणी रुसलं तरी बाबा आधी फ्यूज तपासतील, असं आई म्हणायची. ती चेष्टेने म्हणायची, पण ते बरंचसं खरं होतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात असेल. आमचं गाव तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याकडचं. मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होते, सायन्सला, आणि वसतिगृहात राहत होते. श्रावणातल्या एका सकाळी बाबा अचानक वसतिगृहाच्या फाटकाशी हजर झाले. म्हणाले, "चल, एक लाईट घ्याचा आहे. तू सायन्सवाली आहेस, तुले विचारून घेतो."

"कायले पाहिजे लाईट?"

"घरातल्या रोपाइले. उजेड भेटत नाही तिथी. जोरदार पाहिजे, सूर्यासारखा."

नागपूरच्या कुठल्याशा शेती प्रदर्शनात त्यांनी बंद खोलीत दिव्याखाली वाढवलेली रोपं पाहिली होती. हिरवीगार, टणक. ते चित्र त्यांच्या डोक्यात घर करून बसलं होतं. कसली रोपं, हे मी दोनदा विचारलं. "आहेत एक," एवढंच म्हणाले. मला वाटलं, मिरचीची असतील, नाहीतर आईला कुणी गुलाबाची कुंडी दिली असेल.

दुकानदाराने आधी दोनशे वॉटचा बल्ब लावून दाखवला. बाबांनी त्याच्याखाली हात धरला, भाकरीचा तवा तापला का पाहावं तसा, आणि लगेच मागे घेतला. मी म्हटलं, हा रोपं भाजून काढेल, उजेडापेक्षा याची गरमीच जास्त. मग ट्यूबलाइट झाली. तिला गरमी नव्हती, पण बाबांना ती मिळमिळीत वाटली. "हे पंगतीले ठीक आहे," ते म्हणाले. शेवटी त्यांचं बोट वर टांगलेल्या मर्क्युरी दिव्याकडे गेलं. मोठ्या भोपळ्याएवढा काचेचा गोळा, त्याचा वेगळा चोक, आणि वजन असं की दुकानदाराने तो दोन्ही हातांनी खाली घेतला.

तो दिवा चटकन पेटत नाही. आधी नुसता गुणगुणतो, जांभळट होतो, मग हळूहळू पांढराफटक उजेड पडतो. त्या उजेडात आम्ही तिघंही आजारी दिसायला लागलो. दुकानदाराने विचारलं, "राइस मिलमध्ये लावाचा आहे का जी, का चौकात?"

"घरात," बाबा म्हणाले.

"घरात? घरात कायले जी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकातली विद्या पाजळली. पानाला निळा आणि तांबडा उजेड लागतो, बल्बपेक्षा हा बरा, पण रोपांपासून हातभर तरी उंच टांगा. एवढं शहाणपण मी फुकट दिलं, आणि बाबा तो दिवा मांडीवर घेऊन एसटीत बसले. खिडकीतून हात करताना ते इतके खूश दिसत होते की मलाही बरं वाटलं.

आता भुजलीबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात नागपंचमीला बायका पळसाच्या पानांच्या दोन्यात किंवा टोपलीत शेतातली माती आणि शेणखत घालून गहू पेरतात. राखीपर्यंत ते घरातल्या घरात वाढवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत, गावाच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, शिरवायला नेतात. पाण्यात माती सोडायची, रोपं धुऊन घ्यायची आणि मग एकमेकांना द्यायची. धाकटीने थोरलीला द्यायची, पाया पडायचं, आणि थोरलीने त्यातली दोन पाती तिच्या कानामागे खोचायची. ज्यांचं वर्षभर बोलणं नसतं त्यांनी त्या दिवशी भुजली दिली की भांडण मिटलं. मग कुणी मागचं काढायचं नाही.

आमच्या घराला त्या वर्षी याची फार गरज होती. दोन वर्षांपूर्वी बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, वेगळे झाले होते. वाटणीत धान ठेवायच्या खोलीच्या मधोमध भिंत आली. ती भिंत कुणाच्या बाजूला वीतभर सरकली, यावरून आई आणि मोठीमाय, म्हणजे तिची थोरली जाऊ, यांचं वाजलं. जे बोलू नये ते दोघी बोलल्या आणि मग दोघींनी बोलणंच टाकलं. पहिल्या वर्षी भुजलीला कुणी गेलं नाही, कारण राग ताजा होता. दुसऱ्या वर्षी आईने मनाची तयारी केली, तर झडीच्या ओलीने आमच्या टोपलीला बुरशी आली आणि सगळं कुजलं. आणि गावात म्हणत, तीन भुजल्या अबोला राहिला की तो जन्माचा. आईचा यावर पूर्ण विश्वास होता. ही तिसरी भुजली होती.

आईने नागपंचमीला गहू पेरले आणि दुसऱ्याच दिवशी तिला माहेरी, पवनीला जावं लागलं. मामीचं बाळंतपण होतं. जाताना तिने बाबांना सांगितलं, सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं आणि खोलीचं दार लोटून ठेवायचं. टोपली मात्र जागची हलवायची नाही, एकदा बसवली की शिरवेपर्यंत ती तिथेच. यापलीकडे तिने काही सांगितलं नाही. कशाला सांगेल? पाण्यात मीठ विरघळतं हे कुणी कुणाला सांगतं का?

पण भुजली ही आमच्याकडे बायकांची गोष्ट. बाबांनी पन्नाशी गाठेपर्यंत ती टोपली खोलीत कशी असते हे पाहिलेलंच नव्हतं. त्यांना ती दिसायची ती बोडीकडे जाताना, बायकांच्या डोक्यावर. लांब, लवलवीत, हळदीसारखी पिवळी. आणि दर वर्षी या माणसाला मनातल्या मनात त्या रोपांची कीव यायची. कावीळ झाल्यासारखी झाली बिचारी, त्यांना वाटायचं. अंधाऱ्या खोलीत ठेवतात, दुसरी जागा नाही, काय करतील बायका?

मी राखीच्या आदल्या दिवशी घरी पोचले. तुमसरच्या स्टँडवर आई भेटली, ती पवनीहून येत होती. गाडीत ती सारखी भुजलीबद्दलच बोलत होती. "औंदा मी जातोच तिच्या दारात. देतो अन् पाया पडतो. मंग ती घेवो नाहीतर फेको." आई असं धीटपणे बोलायची तेव्हा ती घाबरलेली असायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

घरात शिरताच ते गुणगुणणं ऐकू आलं. धानाच्या खोलीच्या फटीतून पांढरा उजेड अंगणापर्यंत आला होता. भंडाऱ्याच्या दुकानातला उजेड मी लगेच ओळखला. आईने दार ढकललं.

धान भरायच्या ढोल्यांच्या मधोमध, वाशाला साखळीने टांगलेला तो भोपळा पेटलेला होता. त्याच्याखाली आईची टोपली. गहू बोटभर उंच, जाड, आणि हिरवेगार. मी सायन्सची विद्यार्थिनी, मला खरं तर मान्य करावं लागेल की इतकी निरोगी रोपं मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती.

बाबा मागून आले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला अजून आठवतं. "कशी झाली? गावात कोणाची नसन अशी."

आई उंबऱ्यावर बसली. "अवो, हे काय करून ठेवलं? भुजली पिवळी लागते. अंधारात ठेवते ते पिवळी व्हाले ठेवते. ही तं बैलापुढं टाकाची झाली. ही मी कोणाले देऊ?"

बाबा तिच्याकडे आणि टोपलीकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मले वाटे, ते आजारानं पिवळे पडतात."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिला जावेच्या दारात ताठ मानेने जाता यावं म्हणून त्यांनी हे केलं होतं. भावाशी आपलं बोलणं व्हावं असं त्यांना किती वाटत होतं, हे ते तोंडाने कधीच म्हणाले नाहीत. ते दिवा घेऊन आले.

बाबांनी बटण बंद केलं. पण हिरवं झालेलं पातं एका दिवसात परत पिवळं होत नाही. आणि दिवा मंदावत असताना मी वर पाहिलं, तर माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. वाटणीची ती भिंत आढ्यापर्यंत नेलेलीच नव्हती. वर छपराच्या कवेलूंखाली दोन हात मोकळी जागा होती, आणि भिंतीपलीकडे मोठीमायचं धान होतं. तिची भुजलीही तिथेच असणार, कारण भिंत व्हायच्या आधीपासून दोघींची त्याच खोलीत असायची.

मी आईला बोटाने ती जागा दाखवली. आपला उजेड पलीकडेही पडला होता, हे तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली ती मीच विझवली, कारण कुणी जेवलंच नाही.

राखी कशीबशी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतून बायकांची गाणी ऐकू यायला लागली. आई टोपलीवर पदर टाकून स्वयंपाकघरात बसली होती. जाणार नाही, म्हणाली. तेवढ्यात अंगणात मोठीमाय उभी राहिली. उंच बाई, आवाज खणखणीत. डोक्यावर तिची टोपली होती. आईकडे न बघता ती मला म्हणाली, "तुझ्या मायले विचार, दोन वर्षं झाले तरी पोट नाही भरलं का? माह्या भुजलीवर लाईट कायले मारला?"

अबोल्यात असंच बोलतात. मध्ये एक माणूस लागतो. मी टेलिफोन एक्स्चेंजसारखी दोघींच्या मध्ये उभी राहिले.

"मोठीमायले सांग," आई आतून म्हणाली, "मी पवनीले होतो. मले मालूम नाही."

"तिले सांग, आठ दिवस माह्या खोलीत रात्रीचा दिवस होता. टोपली हलवता येत नाही, झाकलं तं मोडते. पाह्य काय झालं ते."

तिने टोपली खाली ठेवली. भिंतीच्या सावलीत होती तेवढी अर्धी पिवळी, उरलेली अर्धी हिरवी. मी तिला विचारलं, मग तुम्ही तेव्हाच हाक का नाही मारली. ती म्हणाली, "मीनं काहून हाक मारावी? मले वाटलं मुद्दाम लावला. मुद्दाम लावणाऱ्याले मी इनंती करू का?"

आई उठली. तिने स्वतःची टोपली आणली, मोठीमायच्या टोपलीशेजारी ठेवली आणि वरचा पदर काढला.

मोठीमाय वाकून पाहत राहिली. इतकं हिरवं तिने अपेक्षिलं नव्हतं. दुसऱ्याचं बिघडवायला निघालेला माणूस आधी स्वतःचं एवढं बिघडवत नाही, हे तिला दिसलं असावं. तिने मला विचारलं, "हे कोणी केलं?"

बाबा ओसरीवर खांबाशी उभे होते. "मी केलो, वयनी," ते म्हणाले. "मले वाटलं, ते आजारी राहतात."

मोठीमाय आधी नाकातून हसली. मग तिला आवरेना. कमरेवर हात ठेवून ती हसत सुटली, आणि हसता हसता पहिल्यांदा थेट आईकडे वळून म्हणाली, "काय वो, इतक्या वर्षांत तूनं याले एवढंही नाही सांगतलं?"

"कोणाले वाटन वो बाई," आई म्हणाली, "का हे सांगा लागते?"

मी मधून बाजूला झाले. माझं काम संपलं होतं.

दोघी बोडीवर एकामागे एक गेल्या, मी मागून. पाण्याकाठी गावभरच्या बायका होत्या. सगळ्यांच्या हातात पिवळी भुजली, सगळ्यांच्या कानामागे पिवळी पाती. आईने आपली माती सोडली, हिरवी रोपं धुतली आणि मोठीमायपुढे धरली. मोठीमायच्या टोपलीत निम्मी पिवळी होती. आपल्यातली चार पिवळी आधी आईच्या हातात देऊन, तीच परत घेऊन ती रीत भागवू शकली असती आणि कुणाला कळलंही नसतं. तिने आईची हिरवी घेतली. त्यातली दोन पाती पाया पडणाऱ्या आईच्या कानामागे खोचली, दोन स्वतःच्या.

शेजारच्या घरची एक म्हातारी ते पाहत होती. तिने विचारलं, "काहून वो, हिरवी कशी?"

मोठीमायने टोपली डोक्यावर घेतली. "आमच्या घरची अशीच होते," ती म्हणाली.

आईने पदर तोंडाला लावला आणि ती पाण्याकडे पाहत उभी राहिली.