देवळीहून उत्तर

जंगलात मोबाईल लागत नाही, म्हणून आमच्या जीपमध्ये वायरलेस सेट आहे. तो बिघडला की मी वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेतो. माईकची वायर डाग देऊन जोडली की तो बटण दाबून देवळीच्या मित्राला हाक मारायचा. तिकडून उत्तर आलं, तरच सेट माझ्या हातात द्यायचा.

परवाही त्यानं हाक मारली, बटण सोडलं आणि कान लावून बसला. नुसती खरखर.

"दुरुस्त नाही झाला?" मी विचारलं.

"सेट ठणठणीत हाय, साहेब. देवळीवालाच पोळ्याले वारला."

"मग द्या ना."

"उत्तर नाई आलं. कसा देऊ?"

त्याच्या मागं फळीवर दुरुस्त झालेले सहा सेट धूळ खात पडले होते. माझा त्यानं सातवा ठेवला.