भिंत गप हाय काय?

आक्का आधी भिंतीला तळहात लावायची, मग माणसाशी बोलायची. वैद्य नाडी बघतो तसा हात, डोळे मिटलेले आणि प्रश्न ठरलेला : “भिंत गप हाय काय रं?”

आता तुम्हीच सांगा, मागवाल्याची भिंत गप कशी असेल? वडगावात आमची यंत्रमागांची शेड आणि कॉलेजची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत. अलीकडे साड्या, पलीकडे आक्का. उचगावच्या शेतकऱ्याची ही लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी.च्या मागे लागली होती. विषय काय, तर प्रकाशकणांच्या जोड्या!

चहा पिता पिता तिनं मला समजावलं होतं. जांभळ्या लेसरचा एखादाच कण स्फटिकात फुटतो आणि त्याचे दोन होऊन दोन दिशांना सुटतात. दोन्ही टोकांना यंत्रं टपून बसलेली. “ह्येनं टिक केलं की त्येनं बी त्याच दमात टिक करायचं. साध्या उजेडाला असलं न्हाय जमत.”

“मग तुझ्या उजेडाला का जमंना?”

“तुझ्या मागांमुळं!”

खरंच होतं. माग धडधडले की तिचे आरसे केसभर सरकायचे. आमचे माग दिवसपाळी-रात्रपाळी चालतात. बंद फक्त अमावस्येला. त्यामुळे दर अमावस्येला ही बाई काळे पडदे लावून खोलीत शिरायची. गल्लीनं काय तर्क लढवले असतील, ते तुम्हाला सांगायला नको. एकदा तर कुणीतरी तिच्या दारात लिंबू ठेवलं. आक्कानं त्याचं सरबत केलं आणि अर्धं मला पाजलं.

अखेर तिच्या मार्गदर्शकांनी बजावलं : या महिन्यात आकडे आले नाहीत, तर प्रबंधाची मुदत संपली. आणि महिन्यात अमावस्या एकच.

त्या दिवशी लाइटही गेली नाही. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात मागांची पूजा आटोपून माझे वडील, आमचे आप्पा, आरतीचं ताट घेऊन शेजारी निघाले. अमावस्येची आरती शेजाऱ्याला दाखवायची ही त्यांची रीत. त्यांनी पडदा सारला आणि निरांजन, कापरासकट आत पाऊल टाकलं.

“आप्पा, दिवा!”

काजव्यानं दिपतील असे त्या यंत्रांचे डोळे. आक्कानं झेप घेऊन त्यांची वायर उपटली. यंत्रं वाचली, पण टेबलाला धक्का बसून आरसे विस्कटले. दिवस गेला. आक्कानं आरती घेतली, कुंकू लावून घेतलं आणि मान खाली घालून खोबरं चावत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन लग्नसराईत, दुकानदारांचे फोन खणखणत असताना आप्पांनी मेन स्विच खाली ओढला.

“आप्पा, आज कुठली अमावस्या?” मी ओरडलो.

“आज आक्काची हाय. गप बस.” मग भिंतीला हात लावून त्यांनी हाळी दिली, “आक्का, भिंत गप हाय गं! लाव तुझं!”

दुपार कलल्यावर तिनं आम्हाला बोलावलं. पडद्याअलीकडे संगणकावर एक आकडा टुणटुण उड्या मारत होता. दोन्ही यंत्रं एकदम ‘टिक’ म्हणाली की तो वाढायचा. आक्कानं आप्पांचा हात घट्ट धरला होता.

“ह्येला त्येचं कळतं कसं गं?” आप्पांनी विचारलं.

“तेच तर कळंना, आप्पा. दोघं एकाच ठिकाणनं निघालेत, येवढंच.”

आता आक्का डॉक्टर झाली, बेंगळूरला मोठ्या प्रयोगशाळेत गेली. तिथलं टेबल म्हणे हवेवर तरंगतं, त्याला हादरा म्हणून लागत नाही. परवा फोनवर म्हणाली, “हितली भिंत लई गप हाय रं. करमत न्हाय.”

मागच्या अमावस्येला पूजा झाली, माग बंद होते. आप्पा ताट घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभे राहिले.

“गप हाय गं,” ते म्हणाले.

पलीकडून कुणी विचारलंच नव्हतं.