आवडता म्हणजे कोण?

मी मुलांच्या एका वाहिनीत कामाला होते. मुलांच्याच मतांवर पुरस्कार द्यायचे, असं साहेबांच्या मनात आलं. मग रविवारी विरारला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी पोरं जमवली.

"तुमचा आवडता कलाकार कोण?"

शेजारची चिमुरडी म्हणाली, "काकू, आवडता म्हणजे छान काम करतो तो, की आपल्याला आवडतो तो?"

"एकच की गं!"

"नाही. मला मालिकेतला राक्षस आवडतो, पण त्याला अ‍ॅक्टिंग येतच नाही."

यावरून पोरांची जुंपली आणि मीच गोंधळले. सोमवारी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "पुरस्काराचं नाव तेच राहू दे." शेवटी 'आवडता कलाकार' हेच नाव ठेवून कार्यक्रम सुरू झाला, मतंही भरपूर आली. आपण मुलांना नक्की काय विचारलं होतं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.