हरणछाप बंदूक आणि शशीदादाचा शब्द

मस्कतमधल्या कुरुमच्या आमच्या इन्शुरन्स ऑफिसात सकाळी साडेनऊला मीटिंग असते आणि तिथे प्रत्येक जण टेबलाखाली स्वतःचा फोन बघत असतो. त्या दिवशी सालिमचा फोन दोनदा आला, मी दोनदा कापला. सालिम म्हणजे इब्राच्या बाजारातल्या बंदुकांच्या दुकानाचा मालक. माझा मेहुणा शशीदादा त्याच्याकडे सत्तावीस वर्षं मिस्त्री होता. शशीदादानं पुन्हा एखादं गिऱ्हाईक हाकललं असणार आणि हा अर्बाब, म्हणजे त्याचा मालक, माझ्याकडे रडगाणं गाणार, असं मी धरून चाललो. मग मेसेज आला. वरच्या ओळीत ‘शशी’ एवढंच दिसलं आणि वीस वर्षांच्या सवयीनं बोटांनी उत्तर धाडलं : ‘नोटेड विथ थँक्स.’ पूर्ण मेसेज उघडला तो त्यानंतर. शशीदादा दुकान उघडताना शटरपाशीच कोसळला होता, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... आणि मी आभार मानून मोकळा झालो होतो. सालिमनं त्याबद्दल मला आजवर काही विचारलेलं नाही. माणूस सभ्य आहे.

त्याला आता सहा आठवडे झाले. शशीदादा माझ्या बायकोचा, सुनीताचा, थोरला भाऊ. कुडाळजवळच्या गावातून लेथचं काम शिकून तो ओमानला आला आणि बंदुकांत शिरला. ज्यानं आयुष्यात उंदीर मारला नाही, त्याच्या हातात अख्ख्या शर्किया प्रांताच्या बंदुका! इथल्या गावांतून ईदला, लग्नाला नेमबाजी रंगते. त्यासाठी परवान्याच्या रायफली घराघरांत जपलेल्या असतात, बापाकडून मुलाकडे आलेल्या. त्यातल्या निम्म्याअधिक एकाच युरोपियन कंपनीच्या, दस्त्यावर हरणाचा छाप असलेल्या. सालिमचं दुकान म्हणजे त्या हरणाचंच दुकान. शशीदादा त्या कंपनीबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलायचा, की आमच्या घरात तिला ‘शशीदादाचं सासर’ असंच नाव पडलं होतं. खऱ्या सासरची एवढी बाजू त्यानं कधी घेतली नाही. वहिनी गावाहून फोनवर म्हणायच्या, “त्या हरणाकच घाला माळ.” एकदा मी तुर्की बंदुकांची जाहिरात कौतुकानं दाखवली, तर जेवताजेवता त्यानं ताट पुढे सरकवलं. “भावोजी, तुमी इन्शुरन्स बघा. बंदुकेत पडा नको.”

दोन हजार बारा-तेराच्या सुमारास ती कंपनी कुणीतरी विकत घेतली. हरीण तसंच राहिलं, बाकी सगळं बदललं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जाऊन प्लास्टिकचा आला, तो एक वेळ चालला असता. पण सेफ्टीचा खटका आत कसल्याशा ठिसूळ धातूचा घालायला लागले. वर्षभरात तो झिजायचा, आणि मग सेफ्टी लावलेली असतानाही बंदूक आपटली की गोळी सुटायची. हे कळलं एका ईदला. हमूद नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलानं नवी रायफल गाडीला टेकवून ठेवली, ती घसरून पडली आणि गोळी पिकअपच्या दारातून आरपार गेली. त्या दारापाशी मिनिटापूर्वी त्याची पोरं खेळत होती. दुसऱ्या दिवशी म्हातारा हमूद दोन बंदुका घेऊन दुकानात आला. एक त्याच्या बापाची, एक ही नवी. जुनी त्यानं मांडीवर ठेवली, नवी काउंटरवर आपटायला गेला आणि मध्येच थांबून हळूच ठेवली. “शशी, ये कंपनी खलास. तुमने बोला, इसलिए लिया.”

ते वाक्य शशीदादाला लागलं. त्यानंतर गिऱ्हाइकं एकेक करून फुटू लागली. ज्यांच्या घरात तीन पिढ्या दुसरी बंदूक आली नव्हती ते शेजारच्या गल्लीत तुर्की माल बघू लागले. कुणी तर दस्त्यावरचं हरीण खरवडून टाकून बंदूक विकायला आणली. त्याचं शशीदादाला दुःख होतंच, पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. नव्या मालातल्या एकोणीस रायफली त्यानं स्वतः, स्वतःच्या शब्दावर विकल्या होत्या. “माज्या शब्दार लोकांनी घेतल्यानी, भावोजी. उद्या कोणाच्या झिलाक गोळी लागली तर मी तोंड खंय दाखवू? लिवा त्या मेल्यांका, माल परत घेवा म्हणून. लाज नाय त्यांका!”

इंग्रजी पत्र लिहिणं हे माझं खातं. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, तो इब्राहून आमच्या वादी कबीरच्या फ्लॅटवर यायचा, सोफ्यावर न बसता उभ्यानं मालवणीत शिव्या सांगायचा, आणि मी लॅपटॉपवर त्या इंग्रजीत उतरवायचो. आता खरं सांगायचं तर, क्लेमची पत्रं लिहून लिहून माझ्या हातून धारदार वाक्य उतरतच नाही. ‘लाज नाय’चं माझ्याकडून झालं, आपल्या मौलिक मार्गदर्शनाची अपेक्षा आहे. ‘माणूस मारूक बसलात’चं झालं, एका किरकोळ बाबीकडे लक्ष वेधू इच्छितो. शिवाय सुरुवात गोड असावी म्हणून पहिले दोन परिच्छेद कंपनीच्या परंपरेचं गुणगान. अशी चार पत्रं गेली. पाचव्या महिन्यात कंपनीकडून खोकं आलं. आत आभाराचं पत्र आणि हरणाच्या छापाच्या बारा टोप्या.

खोकं घेऊन शशीदादा तडक आमच्या घरी. “मी आवशी-बापसावरना गाळी घातलंय, आनि त्यांनी टोपये धाडल्यानी? भावोजी, तुमी लिवलात काय नेमक्या?”

“तू सांगितलंस तेच,” मी म्हणालो. चहाचा कप मी तेव्हा उगाचच दोन्ही हातांनी धरला होता.

त्यानं माझ्याशी वाद घातला नाही. आमची मुलगी ईशा तेव्हा नववीत होती. तिला जवळ बोलावलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. “बाय, वाच. आनि मराठीत सांग.” ईशाचं मराठी अडखळत चालतं, पण प्रामाणिक. “मामा... इथे लिहिलंय की, तुमच्या बंदुका... व्हेरी फेमस आहेत. आम्हाला त्या खूप आवडतात. एक छोटा, काय म्हणतात, इश्यू आहे... पण काही घाई नाही.” खोलीत मी, सुनीता आणि त्या बारा टोप्या. शशीदादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला. “शिकलेल्याक राग येता, पण तो इंग्रजीत जाणा नाय,” एवढंच म्हणाला, जेवून गेला, आणि त्यानंतर माझ्याकडून एकही पत्र लिहून घेतलं नाही. टोप्या त्यानं दुकानात तेल पुसायला घेतल्या. मला वर्षभर वाटत होतं की तो माझ्यावर रागावलाय. माझं सगळं माझ्याभोवतीच फिरतं, त्यातला प्रकार.

रागवायला त्याला सवडच नव्हती. त्यानं चांगलं पोलाद मिळवलं, जुन्या रायफलीतला खटका समोर ठेवला आणि व्हाइसमध्ये धरून कानशीनं एकेक नवा खटका घासायला बसला. सुट्टीच्या दिवशी दुकानाची गाडी घेऊन ज्याची त्याची बंदूक शोधत जायचा. कुणाचं घर वाळूत, कुणाचं डोंगराआड, कुणी भांडायलाच उठलेला. सालिम कातावला. “शशी, यल्ला, बस करो! लोग बोलेंगे माल खराब है.” “खराबच आसा,” शशीदादा त्याला मराठीतून सांगायचा. मीही कमी नव्हतो. फोनवर मी त्याला कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि विक्रेत्याची कुठे सुरू होते ते समजावत असे. तो ऐकून घेई आणि विचारी, “भावोजी, सिनावच्या रस्त्यार हल्ली खणलेला आसा काय?”

तो गेल्यावर देह गावी नेला, सुनीता बरोबर गेली. मी इब्राला त्याची खोली आवरायला गेलो. सालिमनं दुकानातली हरणाची पाटी एव्हाना उतरवली होती, भिंतीवर ओळीनं तुर्की बंदुका. बाहेरच्या बाकावर म्हातारा हमूद बसला होता. मला बघून उठला, माझा हात धरला. मग म्हणाला, माझ्या मुलाची बंदूक शशीनं दुरुस्त केली, ती मी विकणार नाही. कंपनीचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. निघताना सालिमनं माझ्या हातात खोबरेल तेलाचा एक रिकामा डबा दिला. शशीदादाच्या टेबलावरचा. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले तीन खटके, तेल लावलेले, तुकड्यांवर शशीदादाच्या अक्षरात तीन नावं आणि तीन गावं. एकोणिसातले सोळा बसवून झाले होते.

सुनीता गावाहून परत आली त्या संध्याकाळी मी शोकेसचा वरचा कप्पा रिकामा केला. शशीदादाचा फोटो मधोमध, शेजारी निळ्या मखमलीवर ते तीन खटके आपापल्या कागदासकट मांडले. मांडणी मला फारच जमल्यासारखी वाटली. आठवण म्हणून असं काहीतरी हवं, असं मी म्हणालो. सुनीतानं प्रवासाची बॅग खाली ठेवली. शोकेसची काच सरकवली, तिन्ही खटके एकेक करून मखमलीवरून उचलले, कागदांवरची नावं वाचली आणि खटके पुन्हा जसेच्या तसे गुंडाळून डब्यात घातले.

“अहो, ही तीन माणसं अजून ती बंदूक घरात ठेवून बसलीयेत,” ती म्हणाली. “उद्या शुक्रवार आहे. सालिमकडून नंबर घ्या, खटके बसवायला मिस्त्रीही त्यालाच विचारा, गाडी मी चालवते. आणि काय झालंय ते त्यांना सांगायचं मी. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”