काळ्या गाडीचं पॉलिश

अकोल्यात मूर्तिजापूर रोडवर गाड्यांना पॉलिश करणारे एक काका आहेत. माझी गाडी काळी. “काळ्या रंगाले पांढरं पॉलिश लावू नका साहेब, फटीत बसते,” असं ते दर वेळी बजावायचे आणि वेगळ्या डब्यातलं मेण काढायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच पांढरं पॉलिश लावलं. दारांच्या कडांना खडूसारख्या रेघा उमटल्या. मी दाखवल्या, तेव्हा त्यांनी नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं आणि भलतीकडेच फडकं फिरवलं.

“आता गेलं का?”

“गेलं,” मी म्हणालो.

“मंग ठीक आहे. लोक उगाच म्हणून राहिले, डोळे गेले म्हणून.”

मी निघालो, तेव्हा पुढची काळी गाडी आत येत होती.